पूजेला बसलेली सुरी

"हॅलो? … आई? … काय झालं? कोणी पडलं का?"

नम्रताने असं विचारण्यात गैर काही नव्हतं. सासूबाई, म्हणजे सरोजिनीबाई, कामाच्या वेळी तिला कधी फोन करत नसत. लग्नाला सहा वर्षं झाली, तेवढ्यात दोनदा केला होता. एकदा सासरे गेले तेव्हा, आणि एकदा वारज्याच्या त्यांच्या सोसायटीत साप निघाला तेव्हा. दुसऱ्या वेळी आवाज जास्त घाबरलेला होता, असं नम्रताचं प्रामाणिक मत होतं.

"नाही ना? … सगळं ठीक? … तुमचा पुष्कर ऑफिसातच असेल, त्याला आज कुठली सुट्टी… हो, जेवले. … खिचडी. … अहो, दिवसभर लोकांना रांधून घालणाऱ्याला शेवटी खिचडीच मिळते. … हो, तूप होतं. … आई, तुम्ही तूप विचारायला फोन केलात?"

दुपारचे चार वाजत आले होते. कोथरूडमधल्या ज्या रेस्टॉरंटात नम्रता स्वयंपाक करत असे, तिथे दुपारची जेवणं आटोपून रात्रीची तयारी सुरू होईपर्यंत दीड-दोन तास माणसासारखे मिळत. मागच्या जिन्यात टोमॅटोचा रिकामा क्रेट उलटा घालून ती त्यावर बसली होती. चार वर्षांपूर्वीपर्यंत ती खराडीत, काचेच्या इमारतीत, फिरत्या खुर्चीवर बसत असे. खुर्ची सोडून क्रेटवर येण्यात काय मिळवलंस, हा प्रश्न सरोजिनीबाईंनी तिला कधी विचारला नव्हता. न विचारता तो घरात चार वर्षं नांदत होता.

"सहज? … तुम्ही सहज कधीपासून फोन करायला लागलात? … बरं, बरं. विचारा. … काय? … पुन्हा बोला. … कार्बन स्टील आणि स्टेनलेस स्टील यात फरक काय?"

तिने फोन कानापासून दूर धरून नाव पुन्हा पाहिलं. सासूबाईच होत्या.

"कशाला हवंय तुम्हाला? … ज्ञान म्हणून. … नाही, चांगलंच आहे की. … हे बघा, दोन्ही पोलादच. लोखंडात चिमूटभर कार्बन गेला की पोलाद झालं. … हो, कोळशातला तोच. … आणि त्यातच क्रोमियम घातलं, शंभरात बारा-तेरा भाग, की स्टेनलेस. … क्रोमियम. … काही होत नाही पोटाला. तुमची ताटं, वाट्या, पिंप, सगळ्यात तेच आहे. त्याचा एक अगदी पातळ थर वर धरतो, आपल्याला दिसत नाही, पण त्यामुळे गंज चढत नाही. … हो, म्हणून नाव तसं."

"… मग सगळ्यांनी तेच का घेऊ नये? घेतातच की. शंभरातले नव्वद घेतात. … धारेसाठी, आई. नेहमीच्या घरगुती स्टेनलेसची धार लवकर जाते, आणि परत लावायला गेलं की दगडावर नुसती घसरते. कार्बनचं पातं कडक. पातळ घासता येतं, आणि धार गेली तरी दगडावर चार हात मारले की परत उभी राहते. … नाही हो, फॅशन नाही. … परदेशी खूळ तर मुळीच नाही, आपले लोहार दुसरं काय करत होते? … बरं, असं सांगते. पिकलेला टोमॅटो तुमच्या सुरीने कापायला घेतला की आधी दबतो, मग फुटतो, मग कापला जातो. … हो ना? … माझ्या सुरीने तो कापला जातो. एवढाच फरक."

पलीकडे सरोजिनीबाई बहुधा लिहून घेत असाव्यात. तेहतीस वर्षं त्या शाळेत शिकवत होत्या. शिकायची वेळ आली की वही घेऊन बसायची सवय त्यांना होती, पण तशी वेळ त्या सहसा येऊ देत नसत.

"सांभाळायला? सांभाळायला मात्र तान्हं मूल. कापून झालं की पुसायची. धुतली की पुसायची. ओली म्हणून ठेवायची नाही. महिनाभर वापरणार नसाल तर तेलाचं बोट फिरवायचं. … खोबरेल चालतं. … काळी? हो, काळी पडतेच. कांदा, लिंबू लागलं की आधी निळसर, मग करडी, मग काळपट. … घाण नाही ती! … नाही, मी धुवत नाही असं नाही. … अहो आई, ऐका ना. तो थर मुद्दाम चढू द्यायचा असतो. तोच तिला गंजापासून वाचवतो. … दीड वर्ष लागलं मला तेवढा काळेपणा यायला. … तुमचा बिडाचा तवा आठवा."

पलीकडे तवा आठवला असावा. लग्नानंतर पंधराव्या दिवशी नम्रताने तो तवा साबणाने, तारेच्या घासणीने, सुनेच्या पहिल्यावहिल्या उत्साहाने लख्ख केला होता. वीस वर्षं तेल पिऊन काळा झालेला तवा. त्यानंतर सरोजिनीबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नव्हत्या, आणि घावनं पुढचे चार महिने तव्याला चिकटत होती.

"हां, तेच. तसंच आहे अगदी. … काय? … समजा काय? … समजा एखाद्या बाईने ती सुरी घासली तर. … कशाने? … समजा चिंचेने. … कुठल्या बाईने? … बायडाबाईंनी? … आई, बायडाबाई परवाच भांड्यांची सुट्टी घेऊन गावाला गेल्या ना दसऱ्यासाठी? तुम्हीच सांगितलंत मला."

"… आई? … आहात का?"

"… हं. समजा मिठासकट. … चिंच आणि मीठ. देवाची उपकरणी घासता, तशी. … नाही, मी ऐकतेय. … एक मिनिट हं. … संभाजीदादा, आलं-लसूण सकाळीच वाटलंय, खालच्या कप्प्यात बघा. निळा डबा. … निळा हो! … हं आई, बोला. समजा."

तिने क्रेटवरून उठून जिन्याचा कठडा धरला. तिच्याकडे कार्बनची सुरी एकच होती, आणि ती घरी तिच्या बेडरूमच्या कपाटात निळ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असे. कपाटात अशासाठी, की घर शाकाहारी, आणि त्या सुरीने कामावर मासे कापले जात. ती स्वयंपाकघरात यायची नाही हा करार दोघींनी पहिल्याच दिवशी, एकमेकींकडे न बघता केला होता. सासूबाई त्या कपाटाकडे बघतसुद्धा नसत.

"आई, खरं सांगा. माझं निळं फडकं तुम्ही सोडलंत का? … हं. … कुठे आहे सुरी आत्ता? … कुठे? … देवघरात?"

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आज खंडेनवमी. सकाळी सातला घर सोडून हॉटेलचं कुलूप उघडणाऱ्या माणसाला तिथी कळायला सासू लागते. त्यांच्या घरी दर खंडेनवमीला सासऱ्यांची हत्यारं पूजेला बसत. यज्ञेश्वर जन्मभर हडपसरच्या एका कारखान्यात फिटर होते. पाटावर लाल खणाचा तुकडा, त्यावर त्यांचा पान्हा, हातोडी, छिन्न्या, लोखंड घासायच्या कानशी आणि कातडी म्यानातलं मापाचं व्हर्निअर. ते गेल्यावरही सरोजिनीबाईंनी ही पूजा एकही वर्ष चुकवली नव्हती. गेल्या वर्षी नम्रताने भीत भीत विचारलं होतं, आई, माझ्या सुऱ्या ठेवू का यात? आणि सरोजिनीबाई पाटावरून नजर न काढता म्हणाल्या होत्या, "ती काय शस्त्रं आहेत?" एवढंच. नम्रता ते विसरली नव्हती. तिला ते लागलं होतं, आणि लागलं होतं हे तिने पुष्करलाही सांगितलं नव्हतं.

"तुम्ही स्वतः ठेवलीत? … बाबांच्या हत्यारांत? … मासे कापलेली सुरी आहे ती, आई. … हो, म्हणूनच चिंचेने घासलीत, आलं लक्षात. … आणि मग? पाणी शिंपडलंत? … हळद-कुंकू. कोरडं की… ओलं. पाण्यात कालवून. … आणि झेंडू. … ओला झेंडू. … किती वाजता बसवली पूजा? … नऊला. … आई, आत्ता चार वाजलेत."

"… नाही, मी रागावले नाही. … नाही हो. … मी श्वास घेतेय, आई. एवढंच करतेय."

श्वास घ्यायचं कारण उद्या अकरा वाजता होतं. खराडीतल्या एका मोठ्या हॉटेलात जपानी जेवणाचा कक्ष निघत होता, आणि कच्च्या माशाचे काप काढणाऱ्या आचाऱ्याची जागा होती. उद्या तिथे मुख्य आचाऱ्यासमोर एक अख्खा रावस कापून दाखवायचा होता. आपापली सुरी घेऊन यायची अट होती. काल रात्री दोन तास बसून तिने त्या पात्याला पाण्यात भिजवलेल्या दगडावर धार लावली होती, आणि ती मोडू नये म्हणून आज सुरी घरीच ठेवली होती. चार वर्षं क्रेटवर बसल्याचं काहीतरी उत्तर उद्या मिळणार होतं, आणि ते उत्तर या क्षणी देवघरात झेंडूखाली गंजत होतं.

"तुम्हाला कसं दिसलं? … फूल घरंगळलं. … आणि खाली डाग. … कुंकू असेल ते. … पुसून निघत नाही? … रंग कसा आहे, नीट सांगा. केशरी की काळा? … केशरी. बरं, केशरी म्हणजे वरवरचा. … आणि काळे ठिपके? … किती? … तीन. … नख फिरवून बघा, नख अडतंय का. … दोनांवर नाही. एकावर अडतंय. … कुठे आहे तो, पाठीकडे की धारेकडे? … पाठीकडे. नक्की? … बरं. … नाही, बरं म्हणजे बरंच. धारेवर असता तर रडले असते. … फोटो नको. तुमच्या फोटोत नेहमी तुमचा अंगठाच येतो."

"… हो, निघेल. सांगते. एक कच्चा बटाटा घ्या, अर्धा कापा… कशाने म्हणजे? … विळीसुद्धा पूजेत? … बरं, छोटी सुरी? … तीही. … किसणी? … किसणीला कुंकू लावलंत? … पीलरला? … आई, पीलर म्हणजे काय शस्त्र आहे?"

शब्द तोंडातून गेल्यावर नम्रताला ते ओळखीचे वाटले. एकीने ते गेल्या वर्षी म्हटले होते, दुसरीने आज.

"… मग आज भाजी कसली केलीत? … मटकीची उसळ. … हुशार आहात. … बरं, बटाटा जाऊ दे. नारळ असेल ना? … त्याची शेंडी घ्या. रांगोळी घ्या चिमूटभर, बारीकवाली. त्यात दोन थेंब तेल. आणि पाठीकडून धारेकडे, एकाच दिशेने, हलक्या हाताने घासायचं. … उलटं नाही. … धारेवर अजिबात नाही. … मग कोरड्या फडक्याने पुसायचं, आणि वर तेलाचं बोट. … हो. पण त्यासाठी…"

त्यासाठी ती आधी उचलावी लागणार होती. आणि घरचा नियम असा की पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याची आरती झाल्याशिवाय उचलायचं नाही. यज्ञेश्वरांच्या हयातीत एका खंडेनवमीला न्हाणीघराचा नळ निखळला होता. पान्हा पूजेत होता. शेजाऱ्याकडे पान्हा होता, पण दुसऱ्याचं हत्यारसुद्धा आज राबवायचं नाही असं म्हणून त्यांनी नळाच्या तोंडाला धोतराचा बोळा बांधला, आणि नवरा-बायको आळीपाळीने सकाळपर्यंत बादल्या उपसत बसले. ही गोष्ट सरोजिनीबाई अभिमानाने सांगत. अशा बाईला पूजेतली सुरी उचला म्हणायचं कसं, हे नम्रताला कळेना.

"… काय? … हो, ऐकतेय. … मुठीजवळ? … कसले दाते? … ते… ते डिझाइन आहे, आई."

"… बरं. डिझाइन नाही."

आता पकडलं जायची पाळी तिची होती. चिंचेने आणि मिठाने तो दीड वर्षाचा काळा थर खरवडून काढला, तेव्हा त्याखालून मुठीजवळ, बोटभर जागेत, आडव्यातिडव्या बारीक रेघा वर आल्या होत्या. लोहाराने त्या खूण म्हणून तशाच ठेवल्या होत्या. काळ्या थराखाली त्या कुणाला दिसत नसत, आणि नम्रताला तेच हवं होतं.

"कानस आहे ती. … हो. कानशीचीच सुरी बनवलीय. … लोहार म्हणाला, नवीन पोलाद कशाला आणता, एखादी जुनी कानस आणा, तिच्यासारखं कार्बन स्टील शोधून सापडणार नाही. … हो. … बाबांची. … त्यांच्या पेटीतली. लांब, चपटी, मूठ फुटलेली होती ती. … नाही विचारलं. … पुष्करला विचारलं होतं. तो म्हणाला, आईला काय कळणार आहे. … हो, त्यालाच काही कळत नाही. … चुकलं माझं. … नाही, चुकलंच. तुम्हाला विचारायला हवं होतं. मी घाबरले. तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि मग मला ती मागताही आली नसती."

"… काय म्हणालात? … तुम्हाला ठाऊक होतं? … कानस नाही हे. … गेल्या खंडेनवमीलाच? … सहाच्या पाचच भरल्या. … अहो, मग विचारायचं ना! … पलंगाखाली शोधलीत. … बायडाबाईंवर संशय घेतलात? … अरे देवा. … म्हणून गेल्या वर्षी तुम्ही तशा… अच्छा. … नाही, आता कळलं. तेव्हा नव्हतं कळलं."

तिला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली. एक वर्षभर ती ज्या वाक्यावर झुरत होती, ते वाक्य बोलणारी बाई तेव्हा नवऱ्याची हरवलेली कानस मोजत होती. आणि ती कानस झुरणारीच्या कपाटात होती.

"… आई, एक सांगू? त्या सुरीने मी मासे कापते. म्हणजे बाबांच्या कानशीने. तुम्हाला ते… काय? … कोण? … बाबा? … सुरमई? … कुठे, हडपसरला? … कँटीनमध्ये. … दर बुधवारी! … पण तुम्हाला कसं कळलं? … शर्टाला वास. … आणि तुम्ही काही बोलला नाहीत? … छत्तीस वर्षं? … का? … आवडायची म्हणून. … नाही, मी हसत नाही. … थोडी हसतेय."

"… उद्याचं? तुम्हाला कोणी सांगितलं उद्याचं? … पुष्करच्या पोटात काही राहायचं नाही. … हो, अकराला. खराडीला. … हो, परत खराडीतच, करा चेष्टा. … म्हणून ठेवलीत पूजेत? … यश यावं म्हणून. … आई…"

खालून संभाजीदादांनी हाक मारली. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. स्टेनलेसच्या सुरीने रावस कापला तर काप जाड येणार, कडा फाटणार, आणि मुख्य आचारी पहिल्या तीन कापांतच मान फिरवणार, हे ती जाणून होती. तरी तिने जे म्हटलं ते मनापासून म्हटलं, आणि आपण मनापासून म्हणतोय याचं तिलाच नवल वाटलं.

"आई, ऐका माझं. सुरी उचलू नका. … नाही, राहू दे. … पूजेला बसलीय ना, बसू दे. सकाळी आरती झाली की बघू, तोवर गंज धारेपर्यंत गेला तर गेला. … मी इथली स्टेनलेसची घेऊन जाईन. … येतील तसे येतील काप. … नाही हो, जागा काय, आणखी निघतील. … तुम्ही एवढं केलंत, ते मोडायचं नाही. मी सांगतेय ना."

"… काय? … उचलली? … कधी? … फोन करायच्या आधी?"

ती पुन्हा क्रेटवर बसली.

"… म्हणजे मघापासून कुठे आहे ती? … मांडीवर. … आणि तो खरखर आवाज मला मघापासून येतोय तो… शेंडीचा? … रांगोळी घेऊन? … मी सांगितल्या सांगितल्या सुरूच केलंत? … अहो, मग नियम? … काय म्हणाले असते बाबा? … हं. … हं. … नाही, बरोबर आहे. ते असते तर त्यांनीच उचलली असती. गंजू दिली नसती."

"… ठिपके गेले? … दोन गेले. … तिसरा राहू दे. … नाही दिसत खाणाऱ्याला, पाठीकडे आहे तो. … आता फडक्याने पुसा आणि तेल. … धार? धार घरी आल्यावर मी बघते. … आत्ताच बघायचीय? … बरं, वर्तमानपत्राचा कागद घ्या, एका हाताने उभा धरा आणि सुरी वरून खाली ओढा. आणि बोट लावून अजिबात— … आई? … काय झालं? … लावलंत."

"… किती कापलं? … दुखलं का? … दुखलं नाही. … कळलंसुद्धा नाही? … मग धार उत्तम आहे. … हो, उत्तम म्हणजे उत्तम. स्टेनलेसने कापलं असतं तर दुखलं असतं. … अहो, हे कौतुक नंतर. रक्त येतंय का? … किती? … काय? … हो, रक्तानेही गंजतं, मीठ असतं त्यात. … म्हणजे पात्यावर… नको, नको, आई, सुरी खाली ठेवा. … ठेवा खाली! … पडू दे डाग. … अहो पडू दे ना, सुरी गेली खड्ड्यात! … मला सुरी दुसरी करून मिळेल, तुम्ही कुठून… नळ सोडा आणि बोट धरा. … नाही, आधी बोट. … आधी बोट, म्हटलं ना! … आई?"

फोन बंद झाला नव्हता, नुसता खाली ठेवला गेला होता. नम्रता कान लावून ऐकत राहिली. आधी तेलाच्या बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि नंतर बराच वेळ काहीच नाही. मग नळ सुटला.

तिने डोळे पुसले, फोन बंद केला आणि आलं-लसणाचा निळा डबा शोधायला खाली गेली.